रस्ता आणि उभी मोटार

रायपूर १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडची राजधानी झाले. पण त्याचे गोल बाजार, सदर बाजार यांसारखे जुने भाग मोटारींसाठी वसविलेले नव्हते. अशा रस्त्यावर दुकानापुढे एकच मोटार तिरपी उभी राहिली, की येणारी-जाणारी वाहने एकाच वाटेत कोंडतात, पादचारी त्यांच्यामध्ये ढकलला जातो आणि मागच्या रुग्णवाहिकेस वळावयासही जागा उरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे १२२ वे कलम इतरांना धोका, अडथळा वा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई करते. १२७ व्या कलमान्वये ते मालकाच्या खर्चाने उचलून नेता येते. परंतु दंड मागाहून होतो. रुग्णाची गेलेली मिनिटे तो परत आणीत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्याने ती मिनिटे कोणाची, याचा विचार आधी करावा.