क्रांतीची प्रतीके, लेखांक 6 : शत्रूंच्या हातून उरलेले स्वातंत्र्यवृक्ष

मागील लेखांकात फ्रिजियन टोपीचा, म्हणजे प्राचीन रोममधील दास्यमुक्त माणसाच्या टोपीशी नाते जोडून क्रांतिकारकांनी डोक्यावर चढवलेल्या लाल टोपीचा विचार झाला. हीच टोपी अठराव्या शतकाच्या अखेरीस माणसांच्या डोक्यांइतकीच झाडांच्या शेंड्यांवरही दिसू लागली आणि ज्या झाडावर ती चढे त्याला स्वातंत्र्यवृक्ष म्हटले जाई. सत्तेविरुद्ध जमणाऱ्या लोकांनी सभेसाठी निवडलेले, किंवा क्रांतीनंतर समारंभाने रोवलेले, असे हे झाड असे; त्याला जाहीरनामे चिकटवले जात, नकोशा अधिकाऱ्यांच्या प्रतिकृती टांगल्या जात आणि त्याच्याखाली शपथा घेतल्या जात. या वृक्षाच्या चित्रांचा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते आणि प्रस्तुत लेखांकाचा रोख तिच्यावरच आहे : त्यांची सर्वांत लक्षात राहणारी चित्रे व वर्णने बहुतांशी त्यांच्या विरोधकांनी केलेली, निदान विरोधकांनी जपलेली किंवा छापलेली आहेत.

पहिला प्रसिद्ध स्वातंत्र्यवृक्ष बोस्टनमधील एल्म जातीचा एक जुना वृक्ष होता. वर्तमानपत्रे, परवाने, करारपत्रे अशा कागदांवर ब्रिटिश सरकारचा मुद्रांक सक्तीचा करणारा कायदा 1765 मध्ये संमत झाला, तेव्हा 14 ऑगस्ट रोजी या वृक्षाच्या फांदीला मुद्रांक-वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर याची प्रतिकृती टांगलेली आढळली आणि त्या दिवसापासून हे झाड शहराचे राजकीय सभास्थान बनले. पुढच्या वर्षी कायदा रद्द झाल्यावर पॉल रिव्हियर या कारागिराने तेलकट कागदाचा, आतून दिव्यांनी उजळणारा चौबाजूंचा स्तंभ तयार केला आणि त्याच्या चित्रांत स्वातंत्र्यवृक्षाला स्थान दिले. स्तंभ त्या उत्सवाच्या रात्रीच जळून गेला. रिव्हियरने केलेले त्याचे ताम्रमुद्रण मात्र टिकले, म्हणून तो आज पाहता येतो. वृक्षाच्या बाजूने असलेल्या कलावंताने केलेले हे एक महत्त्वाचे चित्र होय.

यानंतरचे अधिक गाजलेले चित्र लंडनमध्ये निघाले. 1774 मध्ये छापलेल्या आणि फिलिप डॉ याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या या मुद्राचित्रात बोस्टनचे रहिवासी एका जकात अधिकाऱ्याला डांबर व पिसे फासून त्याच्या तोंडात जबरदस्तीने चहा ओतत आहेत, मागे स्वातंत्र्यवृक्ष आहे, त्याला फाशीचा दोर लोंबतो आहे आणि मुद्रांक कायद्याचा कागद त्यावर उलटा चिकटवलेला आहे. ज्या फांदीखाली लोक स्वतःला नागरिक समजू लागले तीच फांदी येथे झुंडीच्या वधस्तंभासारखी दिसते. चित्रकाराचा पक्षपात उघड आहे. तरीही रिव्हियरच्या चित्रात वृक्षाखाली जे धोकादायक सामर्थ्य गोळा होत होते त्याचा अंदाज येत नाही आणि या चित्रात तो येतो. ऑगस्ट 1775 मध्ये ब्रिटिश राजाशी निष्ठा असलेल्या राजनिष्ठांनी बोस्टनचे ते झाड तोडून त्याचे सरपण केले.

फ्रान्समध्ये या वृक्षाला खेड्यातली जुनी परंपरा मिळाली. वसंतात गावाच्या चौकात सजवलेला उंच खांब उभारण्याची तेथे चाल होती. 1790 च्या सुरुवातीला पेरिगोर परगण्यातील शेतकऱ्यांनी असेच खांब जमीनदारांच्या विरोधाची खूण म्हणून उभे केले आणि अधिकाऱ्यांना त्यांत बंडाचा वास आला. फ्रेंच इतिहासकार मोना ओझुफ यांनी क्रांतिकालीन उत्सवांवरील आपल्या ग्रंथात या धमकीवजा खांबापासून सरकारमान्य वृक्षापर्यंतचा प्रवास बारकाईने मांडला आहे. क्रांती स्थिरावू लागली तशी बिनमुळांचा खांब आणि मुळांसह लावलेले जिवंत झाड यांच्यातला भेद महत्त्वाचा ठरला. 1794 मध्ये वाळलेल्या झाडांच्या जागी नवी, जिवंत झाडे लावण्याचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी ग्रेग्वार या क्रांतिवादी धर्मगुरूने स्वातंत्र्यवृक्षांवर स्वतंत्र निबंध लिहिला. पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयातील लेस्युअर या चित्रकाराच्या चित्रांत, जी पुठ्ठ्यावर रंगवून, कापून कागदावर चिकटवलेली आहेत, अशा वृक्षारोपणाचा साधा, घरगुती आनंद दिसतो.

पण याच विषयावरचे अधिक गूढ चित्र गटेचे आहे. 1792 मध्ये क्रांतिकारी फ्रान्सवर चालून जाणाऱ्या सैन्याबरोबर वायमारच्या ड्यूकच्या परिवारात हा कवी होता आणि त्याने मोझेल नदीकाठच्या निसर्गात टोपी घातलेला एक स्वातंत्र्यखांब जलरंगांत रंगवला. खांबावरील पाटी वाटसरूंना ही भूमी स्वतंत्र असल्याचे सांगते. आक्रमक छावणीतील माणसाने काढलेले हे चित्र कोणत्याही द्वेषाशिवाय काढलेले आहे. लंडनमध्ये जेम्स गिलरेने 1798 मध्ये मात्र सरळ शस्त्र उगारले : त्याच्या व्यंगचित्रात स्वातंत्र्यवृक्षाला विळखा घातलेला सर्प म्हणजे विरोधी पक्षनेता फॉक्स असून तो इंग्रज माणसाला सुधारणेचे फळ देऊ करतो आहे.

या युरोपीय कथेचा एक धागा बेंगळुरूच्या जवळ येतो. त्या शहरातील सर्जापूर रोडवरून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या श्रीरंगपट्टणला मे 1797 मध्ये फ्रांस्वा रिपो या फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाच्या कप्तानाने आपल्या देशबांधवांची 59 सदस्यांची एक सभा भरवली. तिला जॅकोबिन क्लब, म्हणजे फ्रान्समधील कडव्या प्रजासत्ताकवाद्यांच्या धर्तीवरची राजकीय मंडळी, असे म्हटले जाते. या सभेच्या कागदपत्रांनुसार फ्रेंच तिरंगा फडकवण्यात आला, म्हैसूरच्या टिपू सुलतानाने तोफांची सलामी दिली आणि समतेची टोपी चढवलेला स्वातंत्र्यवृक्ष रोवण्यात आला. सर्व राजांच्या द्वेषाची शपथ घेताना विजयी टिपूचा तेवढा अपवाद करण्यात आला. या अपवादात सगळा पेच दिसतो. राजेशाहीच्या नाशाचे चिन्ह एका राजाच्या किल्ल्यात, त्याच्या संरक्षणाखाली उभे राहत होते, कारण फ्रेंचांना इंग्रजांविरुद्ध मित्र हवा होता आणि टिपूला फ्रेंच फौज हवी होती.

श्रीरंगपट्टणच्या बेटावरील झाडांचा त्याआधीचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. फेब्रुवारी 1792 मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने, जिच्यासोबत हरिपंत फडके यांच्या नेतृत्वाखालील मराठी सैन्य व निजामाची फौज होती, श्रीरंगपट्टणला वेढा दिला, तेव्हा सुलतानाच्या लालबागेतील सुरूची झाडे मोर्चे बांधण्यासाठी लागणाऱ्या मोळ्या व करंड्यांसाठी इंग्रजांनी तोडली. पाच वर्षांनी त्याच बेटावर रोवलेल्या एका झाडाला मित्रपक्षाच्या अपेक्षांचे ओझे घ्यावे लागले, याचे कारण टिपूच्या त्या पराभवात आहे.

क्लबचे कागद 4 मे 1799 रोजी इंग्रजांच्या हाती किल्ला पडल्यानंतर राजवाड्यात सापडल्याचे इंग्रजांनी जाहीर केले आणि त्याच वर्षी ते कलकत्त्यात छापले गेले. टिपू फ्रेंच क्रांतिकारकांचा हस्तक होता, हे दाखवण्यासाठी गव्हर्नर-जनरल वेलस्लीच्या सरकारला ते अतिशय सोयीचे होते. पुढे काही इतिहासकारांनी या कागदांच्या विश्वसनीयतेबद्दलच शंका घेतल्या. रिपो श्रीरंगपट्टणला आला होता आणि त्याची टिपूशी बोलणी झाली होती, एवढे निश्चित. समारंभाचा थाट किती खरा आणि किती फुगवलेला, याचा निवाडा मात्र ज्यांनी ते झाड उखडण्यासाठी युद्ध केले त्यांच्याच छापखान्यातून आलेल्या पुराव्यावर करावा लागतो. बोस्टनच्या एल्मबद्दल डॉच्या मुद्राचित्रावरून मत बनवावे, तशीच ही स्थिती आहे.

श्रीरंगपट्टणच्या झाडाखाली आसपासच्या खेड्यांतील शेतकरी असल्याचे ते कागद सांगत नाहीत आणि हीच त्या झाडाची खरी दुर्बलता होती. म्हैसूरच्या मुलखात लोकांच्या बैठकीचे झाड बाहेरून आणण्याची गरज नव्हती. आज उंच इमारतींनी भरलेल्या सर्जापूर रोडलगतच्या कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्रा अशा जुन्या गावांच्या परिसरात पिंपळ व कडुनिंब जोडीने वाढवून भोवती दगडी पार बांधलेले, नागशिळांनी वेढलेले अश्वत्थकट्टे असत, तसेच आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांची सामायिक राई, म्हणजे गुंडतोपु, असे. सर्जापूरजवळच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातील हरिणी नागेंद्र व सीमा मुंडोळी यांनी अशा गुंडतोपुंचा अभ्यास केला असून वाढत्या शहरात त्यांपैकी कितीतरी बांधकामाखाली गेल्याचे दाखवले आहे. तरीही या पारांचे गोडवे एकतर्फी गाता येत नाहीत. निवाडे तेथे होत, पण दलितांना त्या पारावर बरोबरीने बसता येत नसे. समतेची टोपी चढवावी अशी जागा असेल तर ती तेथेच होती आणि तेथे ती कोणी चढवली नाही. रिपोच्या मंडळींना हा पार दिसलाच नसावा.

महाराष्ट्रात झाड आणि बंड यांचे नाते सत्तेने आधी आपल्या बाजूने जोडले. 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्यात रंगो बापूजी गुप्ते यांच्या इंग्रजांविरुद्धच्या कटातील 17 जणांना गेंडामाळावर देहदंड देण्यात आला. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. ती जागा लोकांच्या तोंडी फाशीचा वड म्हणून राहिली आणि आज तेथे स्मारक आहे. डॉच्या चित्रात इंग्रज व्यंगचित्रकाराने बंडखोरांच्या झाडाला फाशीचा दोर बांधला होता. साताऱ्यात तो सरकारने खरोखरच बांधला, आणि तरीही त्या वडाचे नाव शेवटी फाशी गेलेल्यांच्या स्मृतीला मिळाले. यासाठी कोणा चित्रकाराची मदत लागली नाही.

1930 चा जंगल सत्याग्रह स्वातंत्र्यवृक्षाच्या परंपरेला सर्वांत जवळचा ठरतो. वन कायद्याने गवत, सरपण आणि इमारती लाकूड यांवरचे गावाचे जुने हक्क काढून घेतले होते, म्हणून पुसदला बापूजी अणे यांनी त्या वर्षी 10 जुलैला गवत कापून कायदा मोडला. शिराळा भागातील बिळाशी येथे लोक एक पाऊल पुढे गेले : त्यांनी निषिद्ध सागाचा सोट गावात आणून उभा केला, त्यावर तिरंगा चढवला आणि पोलीस तो उतरवण्यास आले तेव्हा स्त्रियाही त्याच्या रक्षणासाठी पुढे झाल्या. पेरिगोरच्या शेतकऱ्यांच्या खांबाप्रमाणे याला मुळे नव्हती, आणि तो ज्या जंगलातून आणला होता ते जंगल कोणाचे, हाच भांडणाचा विषय होता. रोवलेले लाकूड आणि मागितलेला हक्क एकच असण्याचे असे उदाहरण बोस्टनमध्येही सापडत नाही. बिळाशीच्या त्या खांबाभोवती फडकलेल्या निशाणाचा, आणि चरख्याच्या चिन्हाने त्याला दिलेल्या अर्थाचा, विचार पुढील लेखांकात होईल.