पट्टेरी कोंबडी आणि डोक्यावरचा ठिपका

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात परसबागेत कोंबड्या पाळणाऱ्या अनेकांना वाटते की पिल्लांची पिसे बापावर जातात, म्हणून पट्टेरी कोंबडा आणला की काम झाले. पट्ट्यांचे गणित मात्र उलटे आहे.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर (आनुवंशिक माहिती वाहणारा पेशीतला धागा) ठरते. कोंबड्यांत ते आईवर. नराकडे दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात, मादीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. पिसांवर पांढरे आडवे पट्टे उमटवणारे जनुक (गुण ठरवणारा घटक) फक्त ‘झेड’वर असते. पट्टेरी आईच्या एका हातात छापील रुमाल आणि दुसऱ्या हातात कोरा, असे समजा: छापील मुलाला, कोरा मुलीला.

म्हणून ऱ्होड आयलंड रेड या लाल जातीचा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी यांची पिल्ले जन्मतःच ओळखता येतात. दोन्ही काळसर, पण नराच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो, मादीच्या नसतो. मोठेपणी नर पट्टेरी होतो, मादी काळी. अंड्यांसाठी पिल्ले घेणाऱ्याला हे फार उपयोगाचे, कारण नराला महिनोन्‌महिने दाणा घालावा लागत नाही.

जोडी उलटी लावली, म्हणजे शुद्ध पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी, तर मुलगे-मुली सगळेच पट्टेरी होतात. ठिपक्यावरून निवड जमत नाही. पहिल्या जोडीच्या संकरित पिल्लांची आपसात पैदास केली तरीही खूण टिकत नाही. ती दरवेळी शुद्ध आईबापांकडूनच मिळवावी लागते.