चौथा विषय

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, अकरावीच्या प्रवेशाची गडबड चालू असताना माझ्या धाकट्या भावाने मला विचारले, "ताई, तीन घेऊ की चार?" प्रश्न एवढाच होता, पण त्याचे उत्तर देताना मला माझी दोन वर्षे पुन्हा चाळून पाहावी लागली. मी आज तृतीय वर्ष कला शाखेत अर्थशास्त्र शिकत असले, तरी आले आहे ती विज्ञान शाखेतून, आणि तीही 'दोन्ही ग्रुप' घेऊन. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे आणखीही काही जण आहेत. ज्यांची भावंडे अकरावीच्या उंबरठ्यावर उभी आहेत, असे तर पुष्कळच असतील. म्हणून हा हिशेब सर्वांपुढे मांडावा असे वाटले.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात. एकूण गुण ६००. इंग्रजी सर्वांना सक्तीचे. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सगळेच घेतात. खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्र यांचा. गणित ठेवले तर अभियांत्रिकीचा रस्ता, जीवशास्त्र ठेवले तर वैद्यकीचा. जो एकच ठेवतो, तो दुसऱ्याच्या जागी भूगोल, माहिती तंत्रज्ञान असा एखादा विषय घेतो. दोन्ही ठेवणारा मात्र चार जड विषय डोक्यावर घेतो. ध्यानात घ्या, गुणपत्रिकेवर विषय दोघांचेही सहाच असतात. फरक पडतो तो ओझ्यात.

मी चार घेतले त्याचे कारण आवड नव्हे, भीती. मामा म्हणाले होते, "दोन्ही ठेव गं बाई, एक दार बंद झालं तर दुसरं उघडं राहील." घरात सर्वांना ते पटले, मलाही पटले. त्या वेळी कोणीच, मीसुद्धा, दिवसाचे तास मोजले नाहीत. ते आज मोजते. झोप सात तास, महाविद्यालय पाच, क्लास चार, एसटीने जाणे-येणे दोन, जेवणखाण आणि घरकाम दोन. झाले वीस. उरले चार. त्यांतला एक तास चार विषयांच्या प्रात्यक्षिकांच्या जर्नल्स लिहिण्यात जाई. राहिलेल्या तीन तासांत सहा विषय, म्हणजे प्रत्येकाला अर्धा तास! अर्ध्या तासात गणिताचे एखादे अडलेले उदाहरणही सुटत नाही. ते उद्यावर टाकायचे आणि उद्या जीवशास्त्राची आकृती परवावर टाकायची, असे माझे दिवस गेले.

बारावीची परीक्षा एक वेळ निभावते. कसोटी लागते ती प्रवेश परीक्षांत. मे २०२३ मध्ये ७ तारखेला 'नीट' झाली. ९ तारखेपासून राज्याच्या सीईटीचा गणित गट सुरू झाला आणि १५ पासून जीवशास्त्र गट. दोन आठवड्यांत तीन परीक्षा, आणि तिन्हींची प्रकृती निराळी. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. सीईटीच्या गणित गटात २०० पैकी निम्मे, म्हणजे १०० गुण एकट्या गणिताचे. याचा अर्थ असा की प्रत्येक परीक्षेतला अर्धा निकाल एकाच विषयावर ठरतो, आणि ज्याने दोन्ही विषय अर्धेमुर्धे केले तो दोन्हीकडे नेमका त्याच अर्ध्यात मार खातो. शिवाय 'नीट'मध्ये चुकलेल्या उत्तराचा एक गुण कापला जातो. सीईटीत कापला जात नाही. एका ठिकाणी उत्तर येत नसेल तर हात आवरायचा, दुसऱ्या ठिकाणी एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. दोन दिवसांत ही सवय बदलणे मला साधले नाही. मी सीईटीत भीतभीत कितीतरी प्रश्न कोरेच सोडून आले.

निकाल काय लागला असेल हे सांगायला नको. कोणताही विषय मी नापास झाले नाही, पण कोणत्याही विषयात मला गती आहे असे म्हणण्याजोगे गुणही पडले नाहीत. दोन्ही क्लासच्या फीसाठी वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले होते. त्याचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा मी द्वितीय वर्ष कला शाखेत होते. या चौथ्या विषयाची किंमत मी एकटीने मोजली नाही, हे मला त्या दिवशी कळले.

मग चार विषय कोणीच घेऊ नयेत काय? तसे मुळीच नाही. आमच्याच वर्गातील एका मुलीला गणित आणि जीवशास्त्र या दोहोंची सारखीच ओढ होती. एकाचा कंटाळा आला की ती विसाव्याला दुसरा विषय घेऊन बसे. तिला चार विषय जड गेले नाहीत. ज्याला खरोखरच ठरवता येत नाही पण दोन्ही आवडतात, त्यानेही अकरावीपुरते दोन्ही चाखून पाहायला हरकत नसावी; मात्र पुढे प्रवेश परीक्षा एकच धरावी. मी अर्थशास्त्राकडे वळले तेव्हा संख्याशास्त्राच्या पेपरला तेच गणित माझ्या उपयोगी पडले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. शिकलेले वाया जात नाही. वाया जाते ते धास्तीने पाठ केलेले.

राहिली मामांची दारे. ती आपण समजतो तितकी घट्ट बंद नसतात. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला भौतिक आणि रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणतीही शाखा चालते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने तर नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की बारावी झाल्यावर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण होणाऱ्यालाही 'नीट' देता येईल. आपल्या मंडळातही 'तुरळक विषय' घेऊन परीक्षेला बसण्याची सोय आहे. आणि कला शाखेत येणाऱ्याला गणित कायमचे सुटते असेही नाही. बारावीचा गणिताचा पेपर कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांना एकच असतो.

भावाला मी उत्तर दिले नाही, तीन प्रश्न दिले. हा विषय परीक्षेत नसता तरी तू त्याचे पुस्तक उघडले असतेस का? तुझ्या दिवसात त्याच्यासाठी रोज मोकळा एक तास कुठे आहे, ते कागदावर दाखव. आणि तो तू कशासाठी घेतो आहेस, आवडीपोटी की भीतीपोटी?

दोन दिवस तो कागद घेऊन बसला. मग म्हणाला, "ताई, तास सापडत नाही. आणि खरं सांगू? जीवशास्त्र मी आईसाठी घेणार होतो." आई तिथेच पोळ्या लाटत होती. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने तिनेच विचारले, "मग त्याच्या जागी काय घेतोस?" त्याने भूगोल घेतला. पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही. पण रात्री जेवणानंतर तो आपणहून गणिताची वही उघडतो, आणि अर्धा तास झाला म्हणून मिटत नाही.