जोडसंच विकायचा तर माप सांभाळा

गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आणणारा माल बरा, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. 1983 साली इंग्लंडमध्ये ‘टॅलिसमन’ नावाचा जादूनगरीचा पटखेळ निघाला. फासा टाकून मोहरा हलवायचा आणि अखेर पटाच्या मध्यभागी असलेला राजमुकुट गाठायचा. चौथ्या आवृत्तीत मूळ पटाच्या चार कोपऱ्यांना लावायचे चार पट वेगळे विकले गेले: तळघर, डोंगर, शहर आणि रान. एक घ्या किंवा चारही घ्या, मूळ संच मात्र हवाच. (फाशांबाबत उलेमांचे मत वाचकांना ठाऊक आहे, येथे विषय विक्रीच्या रीतीचा आहे.)

आपल्याकडे मोगल गंजिफा 8 रंगांचा, 96 पानांचा. सावंतवाडीचा दशावतारी 10 रंगांचा, 120 पानांचा. रंग वाढले, पण दर रंगाची 12 पाने कायम राहिली.

खरी मेख येथेच आहे. आम्ही खंडाळ्यात कापड विकतो. गिऱ्हाईक महिन्याने त्याच ठाणाचे आणखी दोन मीटर मागते, नव्या लॉटची छटा जुळत नाही आणि सौदा फिसकटतो. जोडसंचाचेही तसेच. नवे पत्ते जुन्या कॅटमध्ये मिसळायचे असतात. पाठीचा रंग जरा वेगळा निघाला, तर पत्ता न उलटताच ओळखू येतो आणि खेळ बिघडतो.

म्हणून लाकडी खेळणी असोत की चादरी, कारागीर बांधवांनी पहिल्या नगाचे माप, फर्मा आणि रंगाचा नमुना जपून ठेवावा. आजच्या मालाला पाच वर्षांनीही जोड देता आली, तरच गिऱ्हाईक परत येईल.