अर्थ लागला की उजेड पडतो

हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपती बाहेर पडतात ते बऱ्याचदा पिकअपने. हौद्यात पेंढा, त्यावर दाटीवाटीने मूर्ती, वर ताडपत्री. फाळका लावला की गाडी मुंबईच्या वाटेला लागते. मागून येणाऱ्याला काय दिसतं? एक बॅकलाइट विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, दुसरा बंद, आणि ब्रेक दाबला की भलताच इंडिकेटर मिणमिणतो. पेण-वडखळच्या पावसात किंवा नागोठण्याहून रोह्याकडे वळताना अशी गाडी पुढे असली, की ती थांबतेय, वळतेय की नुसती चाललीय, हे कळत नाही.

मालक बल्ब बदलतो. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. कारण दोष बल्बचा नसतो, इथल्या हवेचा असतो.

पेणची खाडीकडची बाजू म्हणजे खारेपाट. रोह्याला कुंडलिका आहे, आणि दोन्हीकडे कोकणचा धो धो पाऊस. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. अशा खाऱ्या ओलाव्यात तांब्यावर हिरवा थर चढतो, लोखंड गंजतं. या गंजाचा पहिला बळी म्हणजे ‘अर्थ’. बॅटरीतून दिव्यापर्यंत करंट वायरने येतो. परत जायला मात्र चासीचं लोखंडच वापरतात. दिव्याची एक वायर, बहुधा काळी, बोल्टने चासीला कसलेली असते. त्या बोल्टखाली गंज साचला की परतीची वाट अडते.

वाट अडली म्हणून करंट गप्प बसत नाही, तो शेजाऱ्याच्या घरातून जातो. मागच्या दिव्यात 21/5 वॉटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो: 5 वॉटचं फिलामेंट पार्किंगला, 21 चं ब्रेकला. अर्थ तुटला की ब्रेकचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून किंवा इंडिकेटरमधून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर नको तो दिवा लुकलुकतो. अर्थ पूर्ण तुटायचीही गरज नाही. 12 व्होल्टवर 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. गंजामुळे जेमतेम एक ओहमचा अडथळा आला, तर बल्बला साधारण साडेदहा व्होल्टच मिळतात आणि उजेड जवळपास एक तृतीयांशाने घटतो.

आधी लक्षण, मग पाना

पाना हातात घेण्याआधी गाडीमागे कुणाला तरी उभं करा आणि एकेक दिवा लावून बघा. दोन्ही बाजूंचे ब्रेकलाइट एकदम गेले असतील, तर फ्यूज किंवा पेडलजवळचा ब्रेकस्विच. एकाच बाजूचा एकच दिवा गेला असेल, तर बल्ब, होल्डर किंवा तुटलेली वायर. एका बाजूचे सगळेच दिवे मंद असतील किंवा एकमेकांत मिसळत असतील, तर डोळे मिटून अर्थ. इंडिकेटर एकाच बाजूला भराभर टकटकत असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब बहुधा उडालेला असतो. एलईडी बसवल्यावर दोन्ही बाजूंना असं झालं, तर फ्लॅशरला पुरेसा लोड मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अर्थची खात्री करायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लांब वायर जोडून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरच्या धातूला लावा, आणि दिवा पेटता ठेवा. काटा किंवा आकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थ खराब.

दुरुस्तीही तशीच साधी. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. अर्थचा बोल्ट सोडवा, खालची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर कापून नवी थिंबल लावा. बोल्ट घट्ट कसा आणि वरून व्हॅसलिन चोपडा. होल्डरमधली पितळी पत्तीही घासायला विसरू नका. वायर कापली असेल तिथे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. टेपखाली पाणी साचतं आणि गंज आत वाढतो. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणारे अजून भेटतात. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. फ्यूज परत परत उडत असेल, तर हौद्याखाली वायर कुठे चासीवर घासतेय ते शोधा.

हे सगळं फक्त पावतीच्या भीतीने करायचं नाही. तरी नियम माहीत असावा: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने मागचे लाल दिवे लागलेच पाहिजेत, नंबरप्लेटवरही पांढरा उजेड हवा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावी लागते, आणि एमएच-06 वाल्यांना पेणच्या आरटीओत बंद दिवा चालत नाही.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पाऊस नुकताच सरलेला असतो, बोल्ट ताजे गंजलेले असतात. त्याच दिवशी मागचे दोन अर्थही सोडवून घासा. पॉलिश पेपरचा तुकडा आणि अर्धा तास, एवढाच खर्च आहे.