हंगामी मजूर आणि आमची खतावणी

दिवाळी सरली म्हणजे निपाणी-चिकोडीच्या वाटेने ऊसतोड मजूर येऊ लागतात. त्यांत बीडकडील पुष्कळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे भाषा आमचीच असूनही हे लोक कायद्याने परराज्यातील ठरतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाने दिलेली उचल आणि सोबत लेकरे, एवढ्यावर त्यांचा हंगाम उभा राहतो.

स्वित्झर्लंडमध्ये परकीय हंगामी मजुरास नऊ महिन्यांचा परवाना मिळे. बायकामुले आणण्यास मात्र मनाई असे. २००२ साली ती पद्धत बंद झाली. तो कागद निष्ठुर खरा, परंतु मजुराची सरकारदरबारी नोंद तरी असे. आमच्या मजुरास वाट मोकळी आहे, नोंदीचे काय?

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने पाच वा अधिक मजूर आणणाऱ्या कंत्राटदारास परवाना आवश्यक केला. मजुरास छायाचित्रासह पुस्तिका द्यावयाची, तीत मजुरीचा दर व कपात लिहावयाची, असेही ठरविले. पुढे हा विषय २०२० च्या श्रमसंहितेत समाविष्ट झाला. तथापि आमच्या पेढीवर आलेल्या एकाही मजुराच्या हाती अशी पुस्तिका आम्ही पाहिली नाही.

मात्र दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी आमचेच सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी हंगामाअखेरीस एक मजूर पेढीवर आला. "शेटजी, आमच्या कोयत्यावर जवारीची किती पोती लागली, तेवढं सांगा," म्हणाला. मुकादमाने हिशेबात चार पोती कापली होती. त्याच्या मते दोनच उचलली होती. आम्ही खतावणी उघडली. सारा माल मुकादमाच्या नावे, एकरकमी. सांगणार काय? तो हात जोडून निघून गेला. चाळीस वर्षे चोख हिशेबाचा अभिमान बाळगणारे आम्ही, त्या दिवशी निरुत्तर झालो.

तेव्हापासून मुकादम माल नेऊ लागला की आम्ही प्रत्येक कोयत्याची वेगळी चिठ्ठी करतो. माल, वजन, भाव व तारीख लिहून एक प्रत मजुराच्या हाती देतो. दोन मुकादमांनी आमची पेढी सोडली. पण हंगाम संपता हिशेब विचारावयास आलेला मजूर आता रिकाम्या हाताने परत जात नाही.

सभासद बंधूंनो, मजुराची पुस्तिका देणे आपल्या हाती नाही. चिठ्ठी देणे आहे. येत्या हंगामापासून एवढे आपण सर्वांनी करावे, ही विनंती.