पीकस्पर्धेतील मार्गदर्शक आणि मापक

पुरस्कारासाठी प्रवेशिका तयार करणाऱ्या व्यावसायिकास जाणत्याचे साहाय्य लागते, ही गोष्ट केवळ कारखानदारीपुरती खरी नाही. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाची पीकस्पर्धा हे तिचे शेतीतील उदाहरण होय. परतूर तालुक्यातील शेतकरी तुरीसाठी या स्पर्धेत उतरतो, तेव्हा २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यास सलग ४० आर क्षेत्र पिकाखाली दाखवावे लागते. त्याच नियमांप्रमाणे सातबारा व आठ-अ यांसारखी कागदपत्रे जोडून, सर्वसाधारण गटात ३०० रुपये भरावे लागतात. त्यास मार्गदर्शक कशाला?

खरे मार्गदर्शन पेरणीपूर्वीचे आहे. जालना जिल्ह्यातीलच बदनापूरच्या संशोधन केंद्राचे 'बीडीएन ७११' हे लवकर पक्व होणारे वाण उथळ, कोरडवाहू जमिनीस सोयीचे. ओलिताची खात्री असेल तर उशिरा येणाऱ्या वाणाचा विचार करता येतो. पुढे बीजप्रक्रिया, रोपांतील अंतर, शेंगा पोखरणाऱ्या अळीवर नजर. प्रवेशिकेच्या भाषेस येथे गुण नाहीत. निर्णय कापणीच्या वजनावर होतो.

अडचण येथेच उद्भवते. जो विभाग सल्ला देतो, त्याचेच कर्मचारी कापणी-मोजणीस उपस्थित असतात. कापणीसाठी निवडलेला तुकडा आणि दाण्यातील ओलावा, या दोन ठिकाणी आपुलकीचा हात सैल पडणे अशक्य नाही. सल्लागाराने त्या दिवशी बांधावरच थांबावे, हे उत्तम. शिवाय क्रमांक ठरतो उत्पादनावर, खर्चावर नव्हे. खते, फवारणी व मजुरी यांची तारीखवार नोंद त्याने ठेवावयास लावली, तरच शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्यास त्या विक्रमाचा हिशेब मांडता येईल.